पोडोकार्पस आणि अंजनी

पुण्या-मुंबईच्या नव्या गृहसंकुलांत भिंतीलगत एक गर्द हिरवी रांग हल्ली वारंवार दिसते. पानं कण्हेरीसारखी लांबट, पण जाड आणि जास्त काळपट. नजरेत भरेल असं फूल नाही, खाली पाचोळाही फारसा नाही. रोपवाटिकेत विचारलं की नाव कळतं, पोडोकार्पस. हॉटेलांच्या दारात, रुग्णालयांच्या आवारात, गच्चीवरच्या कुंड्यांतही तेच. बागांचे आराखडे करणाऱ्यांचा त्याच्यावर मोठा भरवसा आहे आणि देशी झाडांचा आग्रह धरणाऱ्यांना ते डोळ्यांसमोर नको असतं.

या दोन्ही बाजूंची माणसं मला जवळची आहेत. समोरासमोर आली की त्यांचं बोलणं लगेच तुटतं. एक म्हणतो ‘परदेशी’, दुसरा म्हणतो ‘अव्यवहारी’, आणि चहा येतो. दोघांचे मुद्दे पुरते ऐकू यावेत म्हणून मी ते इथे दोन माणसांच्या तोंडी घातले आहेत. आत्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. नोकरी साताऱ्याकडे झाली, महाबळेश्वरचं जंगल पायाखालचं. भाचा पुण्यात उद्यानरचनेचं काम करतो. त्याच्या बऱ्याच बागा जमिनीवर नसतातच, त्या पार्किंगच्या छतावर असतात. वादाचं कारण एका सोसायटीचं कुंपण, लांबी एकशे वीस फूट.

भाचा : सभेत पहिलाच प्रश्न आला, ‘गुजरातने बंदी घातलेलं झाड ते हेच ना?’

आत्या : ते कोनोकार्पस. २०२३ मध्ये गुजरातच्या वनखात्याने त्याची लागवड थांबवली. ते आपल्या ऐन-अर्जुनाच्या कुळातलं आहे. झपाट्याने वाढतं आणि पाण्याच्या शोधात मुळं नळांत, गटारांत घालतं. तुझं पोडोकार्पस सूचिपर्णी, देवदार आणि चीड यांच्या बाजूचं. वाढ संथ, मुळांचा उपद्रव नाही. त्या बाबतीत समितीला खुशाल निर्धास्त कर. माझं भांडण वेगळं आहे.

भाचा : भांड. पण आधी मी ते का निवडलं ते ऐकून घे. जागा डोळ्यांसमोर आण. भिंत आणि आतला रस्ता यांच्यामध्ये तीन फुटांची पट्टी. तिचा निम्मा भाग पार्किंगच्या स्लॅबवर येतो. तिथे माती जेमतेम दीड फूट, खाली वॉटरप्रूफिंग. पट्टी इमारतीच्या उत्तरेला आणि इमारत बारा मजली, त्यामुळे हिवाळाभर तिथे ऊन उतरत नाही. समितीला बारा महिने हिरवा राहणारा सहा फुटी आडोसा हवा. मुलं खेळतात म्हणून काटे नकोत. मुळांनी स्लॅबला तडा जायला नको. सावली सोसेल, थोड्या मातीत राहील आणि कापून हव्या त्या रुंदीत ठेवता येईल असं किती झाडांना जमतं? शिवाय सूचिपर्णींमध्ये त्याचा एक मोठा गुण आहे. मोरपंखी आतून एकदा वाळली की तिथे पुन्हा फूट येत नाही, कुंपणाला कायमचं भगदाड पडतं. पोडोकार्पसला जून लाकडावरूनही नवे धुमारे येतात. नवख्या माळ्याने चुकून खोल कापलं तरी झाड सावरतं.

आत्या : समितीला आणखी काय काय नको होतं?

भाचा : पाचोळा नको. फुलांवर मधमाश्या येतात, त्या नकोत. अळ्या नकोत.

आत्या : म्हणजे हिरवं हवं, पण त्यात कुणी राहायला नको. तू त्यांना नेमकं तसंच झाड शोधून दिलंस. माझं भांडण हे आहे. आपल्या परसातला कढीपत्ता घे. त्याच्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते, तिचं पुढे कॉमन मॉर्मॉन फुलपाखरू होतं. माकडलिंबाच्या झुडपावर ब्ल्यू मॉर्मॉन, म्हणजे आपली राणी पाकोळी वाढते. २०१५ मध्ये तिला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि तिचं खाणं मात्र शहरातून हद्दपार केलं. कुंती लाव, करवंद लाव, निर्गुडी लाव, प्रत्येकाचा कुणी ना कुणी गिऱ्हाईक आहे. पोडोकार्पसच्या पानावर आपल्याकडची कोणती अळी पोसली जाते? इतक्या कुंपणांजवळून गेले, अळीने खाल्लेलं पान मला तरी दिसलं नाही.

भाचा : मावा येतो. खवले कीड येते, तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते. अगदी निर्जीव नाही ते.

आत्या : मावा आणि खवले रोपांबरोबर कुठेही फिरतात, त्यांना मी शेजारी म्हणणार नाही. या झाडाचे खरे शेजारी कोण ते जपानच्या दक्षिणेला गेल्यावर दिसतं. कागोशिमा आणि ओकिनावाकडे एक पतंग आहे, दिवसा उडणारा, गडद निळा, पंखावर नारिंगी-पिवळा पट्टा. त्याच्या अळ्या याच झाडावर जगतात. पोडोकार्पसच्या पानांत विषारी द्रव्यं असतात, बहुतेक कीटक त्यामुळेच दूर राहतात. या अळ्या ती द्रव्यं पचवून अंगात साठवतात आणि स्वतः पक्ष्यांना बेचव होतात. ज्या वर्षी त्यांची संख्या वाढते त्या वर्षी कुंपणंच्या कुंपणं उघडी पडतात, झाडं मरतातही. तिथल्या माणसांना तो पतंग नकोसा वाटतो, पण ते नातं लाखो वर्षांत जुळलेलं आहे. आपण झाड आणलं, नाती तिकडेच राहिली.

भाचा : या न्यायाने चाफाही काढावा लागेल. तो अमेरिकेतला. झेंडू मेक्सिकोचा, गुलमोहर मादागास्करचा. दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण तूच बांधतेस.

आत्या : बांधते, आणि बांधणार. झाड कुठून आलं एवढ्यावर मी कुणाला नाकारलेलं नाही. पण चाफा आपण देवळाच्या अंगणात एक लावतो, फार तर दोन. झेंडू हंगामापुरता असतो. तू सलग एकशे वीस फूट लावतोयस. शेजारच्या सोसायटीत तितकंच आहे, पलीकडच्या हॉटेलात त्याहून जास्त. शिवाय ही बहुतेक रोपं छाट कलमांची, म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. उद्या एखादा रोग पडला तर एकाला झालं ते सगळ्यांना होणार.

(या मुद्द्यावर मी आत्यांच्या बाजूला आहे. देशी-परदेशी हा वाद बागेत फार भावनिक होतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. एखाद्या अंगणातलं पोडोकार्पस कुणाचंच नुकसान करत नाही. एकच झाड गावभर भिंतींच्या लांबीने लावलं जातं, तिथे अडचण सुरू होते. कुंती सलग मैलभर लावली तर तिलाही हाच आक्षेप लागू आहे, आणि भाच्यालाही हे मनातून मान्य असावं.)

भाचा : छाट कलमांचा एक फायदा आहे. झाडं एका चणीची होतात, रांग एकसारखी दिसते. बियांपासून केलेली रोपं कुठे उंच, कुठे बुटकी.

आत्या : आणि नर की मादी, ते कोण ठरवतं?

भाचा : कुणीच नाही. रोपवाटिकेत हा प्रश्न मी कधी ऐकला नाही.

आत्या : मग विचारायला लाग. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, पपईसारखं. नरावर पिवळसर तुरे येतात आणि त्यातले परागकण वाऱ्यावर जातात, भरपूर जातात. फूल दिसत नाही म्हणून परागही नसेल असं तुझी समिती धरून चालली आहे. सगळी कलमं एका नर झाडावरून काढलेली असली तर दमेकऱ्यांच्या खिडक्यांखाली तू एकशे वीस फूट नर उभे करतोयस. मादी लावली तर हा त्रास नाही, आणि जवळपास नर असला तर तिला फळासारखं काहीतरी धरतं.

(त्या ‘काहीतरी’बद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात, कारण झाडाचं सगळ्यात सुंदर अंग तेच आहे आणि कापलेल्या कुंपणावर ते क्वचितच दिसतं. सूचिपर्णी म्हटलं की आपल्याला लाकडी शंकू आठवतो. पोडोकार्पसचा शंकू आक्रसून एकच हिरवं, गोल बी उरलं आहे. ते ज्या देठावर बसतं तो देठ फुगून रसाळ होतो, आधी लाल, मग जांभळा. पक्षी त्या देठासाठी येतात आणि बी दूर नेऊन टाकतात. चीनमध्ये लोकांना यात ध्यानस्थ भिक्षू दिसला, हिरवं डोकं आणि खाली लाल वस्त्र, आणि झाड अर्हतांचं मानलं गेलं. जपानमध्ये मुलं तो पिकलेला देठ खातात. वरचं बी मात्र विषारी, पानंही. घरात कुत्रं असेल, रांगतं मूल असेल, तर ही माहिती रोप विकणाऱ्याने द्यायला हवी.)

भाचा : बरं, आता मला एक सांगू दे. मी हे झाड पहिल्यांदा नीट पाहिलं ते चिरान गावात, कागोशिमा प्रांतात. सात्सुमाच्या सामुराईंची जुनी वस्ती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध, बांधावर मकीची कुंपणं. जपानी लोक पोडोकार्पसला मकी म्हणतात. तिथल्या सात बागांना १९८१ मध्ये राष्ट्रीय निसर्गरम्य स्थळाचा दर्जा मिळाला. त्यांतल्या सहा बागांत पाणी नाही, नुसती पांढरी खडी आणि दगड. मागे मकीचं कुंपण, पण सरळ रेषेत कापलेलं नाही. चढउतार करत, डोंगररांगेसारखं कापलेलं, आणि त्याच्या वर खरा डोंगर दिसतो, हाहागाताके. बाग कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो ते कळू नये अशी छाटणी. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कात्री हातात घेऊन ते कुंपण तसं राखलंय. त्या दिवशी मला वाटलं, झाडाकडून इतकं काम करून घेता येतं तर ते आपल्याकडेही यावं.

आत्या : हे तू याआधी बोलला नव्हतास.

भाचा : सभेत कुठे बोलणार. तिथे दर आणि देखभाल विचारतात. मकीचं तिथलं स्थान वेगळंच आहे. चिबा प्रांताचं ते अधिकृत झाड. बोसो द्वीपकल्पात समुद्रावरचं वारं अडवायला घरांभोवती मकीच्या उंच भिंती राखलेल्या असतात. ओकिनावात त्याच्या लाकडाला वाळवी लागत नाही म्हणून शुरीच्या राजवाड्यासाठी ते वापरलं गेलं. आणि बागेत एकेकटं झाड ठेवतात तेव्हा त्याच्या प्रत्येक फांदीचा पानोरा वेगळा काढलेला, मधून आकाश दिसणारा. त्याला दशकं लागतात. अशी तयार झाडं आता जपानमधून चीन, हाँगकाँग, व्हिएतनामला निर्यात होतात. श्रीमंतांच्या दारात अर्हतांचं झाड शुभ मानतात. त्या मागणीपायी हाँगकाँगच्या डोंगरांवरून, बेटांवरून रानातली झाडं रातोरात खणून चोरली गेली.

आत्या : तू आत्ता जे बोललास, त्यात माझं उत्तर आहे. मकी चिरानच्या लोकांनी कुठून आणलं?

भाचा : कुठून म्हणजे? त्यांचंच आहे ते. दक्षिण जपानच्या किनाऱ्याच्या डोंगरांत रानात वाढतं.

आत्या : तेच. त्यांनी आपल्या मागच्या डोंगरातलं झाड उचललं. संथ वाढणारं, काळपट, फूल न दिसणारं. कुणाला बागेत लावावंसं वाटलं नसतं असं. आणि शेकडो वर्षं कात्री लावून, निवडून, पुन्हा लावून त्याचं हे करून दाखवलं. न्यूझीलंडच्या माओरींनी याच वंशातल्या टोटाराच्या प्रचंड खोडांतून युद्धनौका कोरल्या. दक्षिण आफ्रिकेने आपल्या पिवळ्या लाकडाच्या पोडोकार्पसला राष्ट्रीय वृक्ष केलं. ज्याच्या त्याच्या डोंगरात जे होतं ते त्याने जवळ केलं. जगात या वंशाच्या शंभराच्या आसपास जाती आहेत, बहुतेक दक्षिण गोलार्धातल्या आणि उष्ण प्रदेशातल्या डोंगरांवरच्या. भारतातही सिक्कीम, ईशान्येकडे आणि अंदमानात एक आहे. आपल्या पश्चिम घाटात याचा जवळचा नातलग आहे, नागेया. पूर्वी त्याला पोडोकार्पसच म्हणत. निलगिरी, अण्णामलै, अगस्त्यमलैच्या दाट जंगलात तो वाढतो आणि दक्षिण भारताच्या जंगलातला तो एकमेव सूचिपर्णी. पण आपल्यापर्यंत तोही पोचत नाही. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत मूळचं सूचिपर्णी झाड नाही. मग चिरानवाल्याने साताऱ्यात जन्म घेतला असता तर त्याने डोंगरातून काय उचललं असतं?

भाचा : तुझ्या मनात काहीतरी आहे.

आत्या : अंजनी. महाबळेश्वर-माथेरानच्या जंगलाला आम्ही अंजनी-जांभूळ-पिसा जंगल म्हणतो, कारण तिथे हीच तीन झाडं मुख्य. अंजनी सदाहरित. पान जाड, चकचकीत, गडद. वाढ संथ, लाकूड लोखंडासारखं कठीण. दाट सावलीत जन्म काढते. कड्याच्या काठावर वाऱ्याने झोडपलेली, खुजी होऊन दाट झालेली अंजनी तू लहानपणापासून पाहिलीस, कोणी न छाटता तिला आकार आलेला असतो. आणि उन्हाळ्यात फुलते तेव्हा जुन्या फांद्यांना थेट निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लागतात, लाकूड झाकून जातं. मग मण्यासारखी फळं, पिकून काळी-जांभळी, बुलबुल येतात खायला. पोडोकार्पसचे तू जेवढे गुण सांगितलेस, संथपणा, सावली सोसणं, गडद हिरवा रंग, ते सगळे हिच्यात आहेत. शिवाय इथल्या मधमाश्या आणि पाखरं तिला ओळखतात.

भाचा : मान्य. आता मला साठ रोपं मिळवून दे. चार फूट उंचीची, एका चणीची, पिशवीत मुरलेली, येत्या जूनपर्यंत.

आत्या : ती मिळणार नाहीत.

भाचा : मग मी काय करू? आराखड्यात अंजनी लिहिली तर ठेकेदार फोन करतो, ‘साहेब, हे मिळत नाही, त्याऐवजी काय घालू?’ आणि तो शेवटी त्याच्याकडे असेल ते घालतो. उरुळी कांचनच्या पट्ट्यात फिर, हजारो जातींची रोपं दिसतील. अंजनी माझ्या तरी नजरेला पडलेली नाही. वनखात्याच्या रोपवाटिकांत मिळाली तर वीतभर रोपं मिळतात, ती रानात लावायला ठीक. बारा मजल्यांखाली वीतभर रोप लावलं तर पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी पायाखाली जाईल. मला देशी नको असं नाही, आत्या. मला मिळत नाही. पोडोकार्पस संथ असूनही मिळतं, कारण कुणीतरी ते पाच-सहा वर्षं आधी लावून ठेवलं.

(हा या वादाचा गाभा आहे आणि तो बहुतेक चर्चांमध्ये येतच नाही. देशी झाडांची बाजू घेणारे आम्ही लोक यादी देतो, रोप देत नाही. लवकर वाढणारी देशी झाडं, करंज, जांभूळ, कडुनिंब, ही रोपवाटिकांत आहेत, कारण वर्षभरात ती विकण्याजोगी होतात. अंजनीसारखं संथ झाड कुणी धरून ठेवत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून रोप नाही आणि रोप नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. जपानी माळ्यांनी ही गाठ केव्हाच सोडवली. विकलं जाईल की नाही हे माहीत नसलेलं झाड त्यांनी मुलांच्या भरवशावर लावलं.)

आत्या : तू म्हणतोस ते मला लागलं. खरं आहे. आम्ही वर्गात अंजनी शिकवली, जंगलात नेऊन दाखवली, पण कुणाला दहा पिशव्यांत लावायला सांगितली नाही.

भाचा : म्हणून स्लॅबवरच्या निम्म्या पट्टीत मी पोडोकार्पसच ठेवणार. दीड फूट मातीत अंजनी कशी वागेल ते मला माहीत नाही, आणि लोकांच्या छतावर मी प्रयोग करणार नाही. उरलेल्या साठ फुटांत, जिथे खरी जमीन आहे, तिथे तू सांग.

आत्या : तिथे मिश्र कुंपण कर. कुंती आत्ता मिळते, भरपूर मिळते. मध्ये मध्ये माकडलिंबू मिळालं तर बघ. त्याला बारीक काटे असतात, म्हणून मुलं जिथून पळतात तिथून आतल्या बाजूला. आणि दर दहा फुटांवर एक अंजनीची जागा राखून ठेव, भोवती लोखंडी जाळी. पाच-सहा वर्षांनी ती कुंतीच्या खांद्याला येईल.

भाचा : समिती म्हणेल, जाळीत वीतभर रोप आहे, याचे पैसे कशाचे?

आत्या : म्हणू दे. आणि पोडोकार्पस ठेवतोयस तर तेही नीट ठेव. सोसायट्यांमध्ये त्याचे हाल होतात ते मी पाहते. आपल्या काळ्या मातीत थेट खड्डा करून लावतात, पावसाळ्यात तळाशी पाणी साचतं, मुळं कुजतात, शेंडे वाळतात, मग माळी आणखी पाणी घालतो. त्याला पाय ओले चालत नाहीत. मुरूम, वाळू, कुजलेला पालापाचोळा मिसळून गादीवाफा वर उचल. बोअरचं चुनखडीचं पाणी देत राहिलात तर नवी पानं पिवळी पडतात. त्याला थोडी आंबट माती लागते, म्हणून कोकणात जांभ्यावर ते जास्त सुखात असतं. विदर्भात लावायचं तर दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा, नाहीतर मे महिन्यात पानं करपतात.

भाचा : छाटणीचं काय?

आत्या : ते तू मला सांगायला हवंस, चिरान तू पाहिलंस.

भाचा : मशीन लागलं की लांब पानं अर्ध्यात तुटतात आणि तुटलेली टोकं तपकिरी होतात. दुरून कुंपण गंजल्यासारखं दिसतं. हाताच्या कात्रीने पानांच्या मधून फांदी कापली तर एकही पान तुटत नाही. पायाशी रुंद आणि माथ्याशी किंचित अरुंद ठेवायचं, म्हणजे खालच्या पानांपर्यंत उजेड पोचतो. आपल्याकडे उलटं होतं, वर जाड आणि खाली पोकळ. अडचण माणसाची आहे. मशीनने एका माळ्याचं एका सकाळीत होणारं काम हाताने करायला चार दिवस लागतील. ठेका वर्षाचा असतो, दर चौरस फुटावर ठरतो, आणि ज्या माळ्याने झाड ओळखायला सुरुवात केलेली असते तो पुढच्या वर्षी दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलेला असतो. चिरानला कुंपण घरच्याच माणसांच्या हातचं असतं, पिढ्या बदलतात तरी.

आत्या : मग तुझ्या अंदाजपत्रकात झाडांचे पैसे कमी कर आणि माळ्याचे वाढव. साठ फुटांत तीस रोपांऐवजी बारा लाव. भिंतीसारखी रांग नको, एकेक झाड वेगळं दिसू दे. मधल्या जागेत सावलीत जगणारं काहीही लाव, नेचे लाव. बारा झाडं एका माळ्याला हाताने राखता येतात. मग त्याला पगारी ठेव, किमान तीन वर्षं.

भाचा : आडोसा पुरता होणार नाही.

आत्या : कशापासून आडोसा हवाय त्यांना? पलीकडे रस्ता आहे आणि मध्ये भिंत आहेच.

भाचा : हे मी समितीत विचारलंच नाही. बारा झाडं, तीही मादी, असं लिहितो. रोपवाला हसेल.

आत्या : ज्या झाडाला देठाचे लाल मणी लागलेले दिसतात त्याच झाडावरून कलमं काढ, एवढंच त्याला सांग. दोन-तीन वेगवेगळ्या मादींवरून काढली तर आणखी चांगलं.

भाचा : आणि अंजनीचं बी? कुठून आणि कधी?

आत्या : फुलं उन्हाळ्यात, म्हणजे फळ पावसाच्या तोंडाशी. महाबळेश्वरच्या राखीव जंगलातून उचलायचं नाही, त्याला परवानगी लागते. खाजगी मालकीच्या रानात अंजनी आहे, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या माहेरी मळ्याच्या वरच्या अंगाला चांगली जुनी झाडं आहेत. पिकलेलं फळ घ्यायचं, गर धुऊन टाकायचा आणि सुकू न देता लगेच पेरायचं, सावलीत. दोनशे पिशव्या भरू. साठ तुझ्या, बाकीच्या ज्याला हव्या त्याला.

भाचा : पिशव्या ठेवायच्या कुठे? पाच वर्षं पाणी कोण घालणार?

आत्या : तुझ्या सोसायटीच्या उत्तरेला हिवाळाभर सावली असते म्हणालास. पंप हाउसच्या मागे जागा आहे का?

भाचा : आहे. आठ बाय दहा असेल. सध्या तिथे जुन्या फरश्या पडल्यात.

आत्या : रविवारच्या सभेत आधी त्या फरश्या हलवायचा ठराव घे. पाण्याचा नळ किती लांब आहे तेही बघून ये.